आग्रहाचं चिन्ह

“काहीच जाणवलं नाही,” असा शेरा मारून कलेच्या संकेतस्थळाच्या संपादक यंत्राने इंदुमतीबाईंचं चिन्ह पुन्हा परत पाठवलं. अर्थ स्वतःला जाणवल्याशिवाय ते काही छापायचंच नाही. चिन्हात ताटावर पुरणपोळी धरलेला हात होता आणि खाली वर्णन होतं, ‘आग्रह’. आता शेवटची संधी उरली होती.

“अगं, यंत्राला भूक कुठली?” त्यांचे यजमान हसले.

“जेवून आलेल्या पाहुण्याला तरी कुठे असते? हात आडवा घालतोच की तो!” म्हणता म्हणता बाई थबकल्या. पाहुण्याचा तो आडवा हातच तर काढायचा राहिला होता! तो रेखाटून त्यांनी चिन्ह पाठवलं.

लगेच उत्तर आलं, “स्वीकारलं. आता पुरे हं, खरंच जागा नाही... बरं, अर्धीच वाढा!”