भाऊसाहेबांची सुई

देवीची लस टोचायला धोंडे भाऊसाहेब खर्ड्याकडच्या एका शाळेत आले. लस पिशवीत होती, मिजास अंगभर. पोरी पळतील म्हणून त्यांनी आठवीच्या वर्गाला बाहेरून कडी घालायला लावली.

गुरुजी म्हणाले, "घरी एकदा विचारलं असतं तर..."

"कुनाला? ह्या अडान्यांच्या आयांना? त्या नारळ फोडत बसतील."

रडणाऱ्या राहीचे हात शिपायानं दाबून धरले आणि भाऊसाहेबांनी तिच्या दंडात सुई टोचली. मग एकेक करून सगळ्या पोरी ओढून आणल्या.

शेवटच्या बाकावरची कुसुम मात्र आपणहून बाही वर करून पुढे आली. गेल्या महिन्यात तिची मैत्रीण देवीनं गेली होती.

भाऊसाहेबांनी सुई खाली ठेवली. "तू बस जागेवर."

"मला का न्हाई?"

ते हळूच म्हणाले, "तुझी आई नको म्हनलीय. दंडाला वण राहतो. आता स्थळं यायला लागलीत."

कुसुमनं बाही खाली केली नाही. साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "दंड माझा हाय, बाबा. आन राहीला काय स्थळं यायची नव्हती?"