तिसरं गिऱ्हाईक

"हे बटण कधीकधी अडकतं," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाने मशीनचं बटण दोनदा फिरवून पाहिलं. अडकलं नाही.

"थंडीत अडकतं. आणि उजव्या बाजूला जराशी खरखर आहे. नंतर तुम्ही म्हणाल, सांगितलं नाही."

दारात उभ्या असलेल्या बायकोने ओठ घट्ट मिटून घेतले. असं करूनच त्याने आधीची दोन गिऱ्हाइकं घालवली होती. रेकॉर्डिंगचं मशीन, माइक, दोन हेडफोन, सगळं नव्यासारखं होतं. राहणारच, कव्हर निघायचं ते फक्त धूळ झटकायला. पण विकायची वेळ आली की स्वारी मशीनच्या दुखण्यांचा पाढा वाचायला बसायची. समोरचा "कळवतो" म्हणून निघून गेला की बायकोकडे बघून खांदे उडवायची. मशीनसाठी काढलेलं कर्ज काही खांदे उडवून जात नव्हतं. हप्ते थकले होते, आणि बँकेचे फोन आता तिच्या भावाला जात होते, कारण जामीन तो राहिला होता.

हे तिसरं गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातींना आवाज देणारा माणूस होता. साधं "पाणी मिळेल का" विचारलं तरी काहीतरी खपवतोय असं वाटे.

"सोळा हजार देतो," तो म्हणाला.

"अठराच्या खाली परवडत नाही." परवडण्याचा इथे काय संबंध होता, देव जाणे.

"आधी ऐकू तर द्या. पण माझा आवाज नको, तो मला डोक्यातूनच ऐकू येतो. दुसरं कुणीतरी बोला. वहिनी, तुम्ही जाता का आत?"

नवऱ्याला मशीनपाशी थांबणं भाग होतं. तिने पदराला हात पुसले आणि ती आत गेली. आत म्हणजे कपाटाएवढी एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला जाड काच. आत कुणी बोंबललं तरी बाहेर कळू नये, अशी ती त्याने स्वतः खपून तयार केली होती. आवाजवाल्याने हेडफोन चढवला. काचेपलीकडे तिचे ओठ हलू लागले.

आवाजवाला आधी हसला. मग हसायचा थांबला. मग मान डोलवू लागला.

"काय म्हणतेय?" नवऱ्याने विचारलं. हेडफोन लावलेल्या माणसाला काय ऐकू येणार! नवरा उठला, बसला, पुन्हा उठला. न अडकणारं बटण त्याने उगाच पुसलं. ती अजून बोलतच होती. एक-दोन-तीन म्हणायला एवढा वेळ लागतो? शेवटी, निदान खरखर तरी दाखवू या, म्हणून त्याने दुसरा हेडफोन मशीनला जोडला आणि कानांवर ओढला.

"...खरखर नाहीये, भाऊ. बटणही अडकत नाही. वाईट नाहीत हो ते, त्यांना हे मशीन सोडवत नाही, एवढंच. तुम्ही घासाघीस केलीत की त्यांना आयतं निमित्त मिळेल. म्हणून अठराच द्या. वरचे दोन मी तुम्हाला परत देते, शिकवणीचे आहेत माझ्याकडे. जाताना जिन्यात देईन. त्यांना मात्र कळू देऊ नका. आज हे गेलं नाही ना, तर मला माझ्या भावाला तोंड दाखवता येणार नाही. काल फोन केला, तर वहिनी माझ्याशी बोललीसुद्धा नाही, नुसता त्याच्या हातात फोन दिला." ती जरा थांबली. "बास का? येतोय का आवाज?"

त्याचे कान तापले. आधी लाज वाटली. मग राग आला. तो कुणावर काढावा हे सापडेना, तेव्हा परत लाज वाटली.

आवाजवाल्याने हेडफोन काढला आणि नवऱ्याकडे न बघताच तो म्हणाला, "ठीक आहे. अठरा."

"सोळा द्या."

"अहो, अठरा म्हणतोय मी."

"सोळा. आणि खरखर नाहीये."

"दादा, मला अठराच द्यायचेत."

"आता पंधरा म्हणू का?"

इतका भरदार आवाज, पण तो काही फुटेना. त्याने मुकाट्याने सोळा हजार मोजून टेबलावर ठेवले.

ती बाहेर आली. "ठरलं?"

"ठरलं. सोळाला," नवरा म्हणाला.

तिने आवाजवाल्याकडे असं पाहिलं, जणू तिने घोकून घेतलेलं पोर ऐन परीक्षेत चुकलं होतं. त्या बिचाऱ्याने दोन्ही हात वर केले. "वहिनी, मी अठरा म्हणत होतो. हेच ऐकेनात!"

मग तिला नवऱ्याच्या गळ्यातला दुसरा हेडफोन दिसला. त्याची वायर कुठे जाते ते तिची नजर शोधत गेली आणि मशीनपाशी थांबली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"शिकवणीचे राहू देत तुझ्याकडे," तो म्हणाला. "पैसे आजच बँकेत भरून येतो. भावाला तसं सांग."

आवाजवाला वायरी गोळा करायला लागला.

"म्हणजे माझं ऐकायला तुम्हाला मशीन लागतं," ती म्हणाली. "आणि तेच विकून बसलात."