हिर्लेकरबाईंचं विरजण

शेजारच्या हिर्लेकरबाईंनी ओवीसाठी दुसऱ्यांदा पेशी दिल्या, तेव्हा शालनच्या मनात आलं, या बाईला नक्की हवंय तरी काय?

संध्याकाळ झाली की ओवीच्या, तिच्या लेकीच्या, पापण्या मिटायच्या, घास चावायचं बळ उरायचं नाही. हाच आजार बरा झालेल्याच्या रक्तातल्या, आजाराला आवरायला शिकवलेल्या पेशी विरजणासारख्या पुढच्या रुग्णाला लावायच्या, ही आता रीतच होती. ओवीला जुळल्या नेमक्या याच आजारातून उठलेल्या हिर्लेकरबाईंच्या, आणि त्यांच्याशी पाण्याच्या मोटरीवरून कित्येक वर्षांचा अबोला. पहिल्या खेपेला पेशी लागल्याच नाहीत.

"मुद्दाम मरतुकड्या दिल्या असणार," शालन डॉक्टरांनाही म्हणाली होती.

या खेपेला मात्र लागल्या. आज दिवेलागणीला ओवीनं अख्खी भाकरी चावून खाल्ली.

शालन वाटीभर शिरा घेऊन शेजारी गेली, ती खरं तर बाईंचा डाव काय ते बघायलाच. दार उघडलं. हिर्लेकरबाई बोटानं उजवी पापणी वर धरून उभ्या होत्या.

"अहो, सगळंच दिलंत? विरजणापुरतं मागं ठेवायचं असतं, एवढंही कळू नये?"

"पहिल्यांदा ठेवलं होतं," बाई जड जिभेनं म्हणाल्या. "म्हणून तर लागलं नाही."