चौथी चिठ्ठी

तीन चिठ्ठ्या डब्यात पडल्या. चौथी त्याच्या मुठीतच राहिली.

चौथी बाबांची. ती ओळखायला उघडावी लागत नसे. बाकीचे आपापला कागद कसातरी चुरगळून देत. बाबांची घडी चारही कोपरे जुळवून केलेली. छापखान्यात प्रुफं तपासण्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस. पानभर मजकुरात एखादा अनुस्वार राहून गेला, तर तो बाबांच्या नजरेतून सुटायचा नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली की घरात सिनेमा बघायचा आणि कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, हा नियम त्यानंच काढला होता. त्याआधी निवडण्यातच तासभर जायचा. बायकोला मारामारी नको, मुलीला रडारड नको, आणि बाबांना स्टेशनमास्तरवालाच हवा. आडगावच्या एका स्टेशनमास्तरची ती काळी-पांढरी गोष्ट. त्यातली नायिका गाडीतून खाली उतरायलाच पाऊण तास घेते. नियम लागू झाला आणि पहिल्या तीन रविवारांत दोनदा बाबांचीच चिठ्ठी निघाली. दोन्ही वेळा मुलगी सोफ्यावर घोरत पडली. चौथ्या रविवारी चिठ्ठ्या गोळा करताना त्यानं बाबांची मुठीत दाबली आणि मग हळूच खिशात टाकली. फक्त एकदाच, असं स्वतःला बजावलं होतं. पण पचलेली चोरी एकदाच राहत नाही. या गोष्टीला आता पाच महिने झाले होते.

बाबांनी कधी तक्रार केली नाही. नवा सिनेमा लागला की ते खुर्चीत ताठ बसायचे. हल्लीच्या सिनेमात माणसं फार बोलत नाहीत, नुसती एकमेकांकडे बघत राहतात. मग बाबा मधूनच विचारायचे, "हा कोण आला आता?" तो वैतागायचा. "बाबा, जरा डोळे उघडे ठेवून बघा ना! जग कुठल्या कुठे गेलं, तुम्ही अजून त्या फलाटावरच!" सगळे हसायचे. बाबाही हसायचे. सिनेमा संपला की म्हणायचे, "छान होता."

आज मात्र मुलगी बोलून गेली. "आजोबा, तुमचं नशीबच फुटकं. हल्ली एकदाही तुमचा निघत नाही."

"निघेल गं कधीतरी," बाबा म्हणाले. "चिठ्ठी तुझा बाप काढतो ना? त्याच्या हाताला यश आहे."

त्याला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तो हात पाच महिने काय करत होता, हे त्या हातालाच ठाऊक. आज पुरे, असं त्यानं मनाशी ठरवलं. मूठ डब्यात घातली, उगाच चिठ्ठ्या ढवळल्या आणि आत नेलेलीच चिठ्ठी बाहेर काढली.

"बाबा, तुमचा निघाला!"

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "खरंच? वाच, वाच. नाव वाच."

त्यानं घडी उलगडली. कागद कोरा होता.

म्हणजे बाबांना सगळं कळलं होतं. आपली चिठ्ठी डब्यात जातच नाही हे ओळखून त्यांनी लिहिणं सोडून दिलं होतं, आणि आज सगळ्यांसमोर ते त्याला कोरा कागद वाचायला लावत होते. बरोबरच होतं त्यांचं. त्यानं चोरून वर पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे ते वाट बघत होते. हातातल्या पेनाला त्यांनी टोपण लावलं, चाचपून शर्टाचा खिसा शोधला आणि पेन त्यात अडकवलं.

त्यानं कागद खिडकीकडे तिरपा धरला. कागदावर अक्षरं होती. दाबून लिहिलेली, पण शाई नसलेली. नुसते ओरखडे. शेवटची दोन अक्षरं तर एकमेकांवर चढली होती.

पेन कधीच संपलं होतं आणि लिहिणाऱ्याला ते समजलं नव्हतं.

पूर्वी बाबा रोज सकाळी पेपरातल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवायचे. ते त्यांनी कधी बंद केलं, हे घरात कुणाला आठवत नव्हतं. पेपर अजून तासभर हातात असायचा. कटकट गेली म्हणून त्याला उलट बरंच वाटलं होतं. आणि या पाच महिन्यांत त्यानं बाबांची एकही चिठ्ठी उघडून पाहिली नव्हती. उघडली असती, तर पहिल्याच कोऱ्या कागदानं सगळं सांगितलं असतं.

"अरे, वाच ना," बाबा म्हणाले.

"स्टेशनमास्तरवाला," तो कसाबसा म्हणाला.

मुलीनं कपाळावर हात मारला. "आजोबा! पुन्हा तोच? अहो, अख्खा पाठ आहे तुम्हाला!"

बाबा खुदकन हसले आणि टीव्हीकडे तोंड करून ताठ बसले. टीव्ही अजून कुणी लावलाही नव्हता.

"पाठ आहे, म्हणून तर दिसतो गं."