धरायचं, ओढायचं, सोडायचं

"माझं कार्ड कोणी ओढलं?"

ऑफिसात पाऊल टाकल्या टाकल्या तो कडाडला. स्क्रीनवरच्या कामाच्या फळ्यावर त्याच्या कामाचं कार्ड आजही 'झालं'च्या रकान्यातून पुन्हा 'चालू'मध्ये येऊन बसलं होतं. काल संध्याकाळी त्याने स्वतः ते 'झालं'मध्ये टाकलं होतं.

कार्डं माऊसने धरून ओढायची ही सोय त्याचीच. नव्या फ्रेमवर्कशी डोकं फोडून त्याने ती जमवली होती. पहिली चाचणी नेहमीप्रमाणे घरी, आईवर. घरात दोघंच, आणि आईला जमलं की जगाला जमलं, हा त्याचा हिशेब. आईला पहिल्याच झटक्यात जमलं होतं.

हे काम संपलं की त्याची परदेशातल्या शाखेत बदली होणार होती. पण साहेब फळा बघितल्याशिवाय सही करत नसत.

"अहो, तुमचं काम रोज पुन्हा 'चालू'मध्ये दिसतंय. पाठवू कसं?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संशय एकीवरच होता. त्याचं काम तपासणारी टेस्टर, जिला त्यात रोज खुसपट सापडायचं.

"मी हातसुद्धा लावलेला नाही," ती म्हणाली.

"मग काय भूत ओढतं?"

त्याने कार्डाला कुलूपच घातलं. आता ते फक्त त्याच्या लॉगिनवरून हलणार होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बघतो, तर कार्ड पुन्हा 'चालू'मध्ये!

"पासवर्ड चोरलास माझा!" तो सगळ्यांसमोर ओरडला.

"सिद्ध करा," ती मान ताठ ठेवून म्हणाली.

साहेबांना कटकट नको होती. संध्याकाळपर्यंत तिचं टेबल रिकामं झालं. त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून. कार्ड 'झालं'मध्ये टाकून तो शीळ घालत घरी गेला.

"संपलं का रे काम?" आईने रोजच्यासारखं विचारलं.

"संपलं एकदाचं! उद्या ऑर्डर हातात."

"हो का? बरं झालं हो," म्हणत तिने त्याचं पान वाढलं.

सकाळी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा टाकून तो आंघोळीला गेला. टॉवेल विसरला म्हणून अर्ध्यातून परत आला.

टेबलाशी आई पाठमोरी बसली होती. नाकावर घसरलेला चष्मा सावरत, माऊसवर बोट घट्ट दाबून ती पुटपुटत होती, "धरायचं... ओढायचं... सोडायचं."