नोंदीबाहेरचे अकरा सेकंद

कोसळलेल्या लष्करी विमानाच्या कॉकपिटमधली टेप ऐकून संभाषण लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं. अपघाताशी संबंध नसलेलं बोलणं अहवालात शब्दशः द्यायचं नाही, अशी पद्धत आहे. त्यामुळे एके ठिकाणी मी फक्त 'राजकारणावर गप्पा, अकरा सेकंद' एवढंच लिहिलं.

अहवाल वाचून वैमानिकाच्या पत्नी आमच्या प्रयोगशाळेत आल्या.

"त्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तो एक शब्द न बोलता घराबाहेर पडला. टेपवर माझ्याबद्दल काहीच नाही का हो?"

"नाही, ताई. मी चाळीस वेळा ऐकलीय."

"आणि हे राजकारण कुठून आलं? त्याला तर धड चार मंत्र्यांची नावंही सांगता यायची नाहीत!"

मी माझी कच्ची वही उघडली आणि वैमानिकाचं वाक्य वाचून दाखवलं. "सकाळपासून सरकार भडकलंय. पण या खेपेला सरकारचंच बरोबर आहे, आपणच उगाच वाद घातला. उतरलो की मान्य करून टाकतो."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.



"घरात तो मला सरकार म्हणायचा."