शेजारची लेन

थोरल्या जावेला कडेची लेन मिळाली होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला धाकटी. हे कळल्यापासून धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांची शंभर मीटरची शर्यत. पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेला जायचं तर दीड मिनिटाच्या आत पोहून यायला हवं. आज नंबर कितवा आला, हे तिथे कुणी विचारत नाही. थोरलीची ही शेवटची संधी होती. धाकटी आधीच पात्र ठरली होती, आज तिने यायची काही गरजच नव्हती.

गेल्या वर्षी दोघीही पात्र ठरल्या होत्या. ऐन वेळी सासूबाई इस्पितळात. "यंदा तू आईंपाशी बस, मी जाऊन येते," म्हणत थोरली बॅग उचलून गेली आणि पदक घेऊन आली. ते पदक दिवाणखान्यात लटकतंय. त्याच्यावरची धूळ धाकटी पुसते.

"घाबरू नकोस गं," टोपी ओढत थोरली म्हणाली. "माझ्या मागेमागे ये म्हणजे झालं."

"हो, जाऊबाई."

शिट्टी झाली. थोरलीची खोड धाकटीला तोंडपाठ होती. श्वास घेताना ती शेजारी बघते, आणि शेजारणीच्या हातभर पुढे असली की तिचं समाधान होतं. स्वयंपाकघरात, लग्नकार्यात, पाण्यात, सगळीकडे तेच.

धाकटीने पाय दणादण आपटले, पाणी उडवलं, वेग मात्र आवरून धरला. थोरली हातभर पुढे. पलीकडच्या भिंतीला हात लावून दोघी परतल्या, तरी थोरली हातभर पुढेच, अगदी मजेत. शेवटी धाकटी जरा सरसावली, तशी थोरलीही सरसावली. पहिला हात थोरलीचाच लागला. बाकीच्या दोघी अजून बऱ्याच मागे होत्या.

थोरलीने मूठ उंचावली. गॅलरीत सासूबाई टाळ्या वाजवू लागल्या. मग थोरलीने फलकाकडे बघितलं. दीड मिनिटाच्या वर तीन सेकंद.

"घड्याळ बिघडलंय."

"नाही हो. माझी वेळ बरोबर दाखवतंय."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. धाकटीला साधा दमही लागलेला नव्हता.

"तू मुद्दाम केलंस!"

"मी काय केलं? मी तर हरले."

कित्येक महिन्यांत धाकटीला इतकं बरं वाटलं नव्हतं. दोघींमधल्या दोरीवर ती रेलली आणि थोरलीच्या कानाशी हळूच म्हणाली, "यंदा तुम्ही आईंपाशी बसा. मी जाऊन येते."

वर सासूबाई अजून टाळ्या वाजवत होत्या.